सावडीचं ऑफिस

त्यांच्या टेबलाखाली गमबूट असायचे. सकाळी वडिवळ्याहून मोटरसायकलवर येताना ते बूट पायात असत. ऑफिसात आले की काढून टेबलाखाली सरकवत आणि मग दिवसभर अनवाणी फिरत. अमेरिकेतल्या माणसांशी व्हिडिओवर बोलताना वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली पोटरीपर्यंत दुमडलेली पँट, हे दृश्य मी नऊ वर्षं पाहिलं. कॅमेरा छातीच्या खाली जात नाही, ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत उपयोगाची माहिती आहे, असं त्यांचं मत होतं.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. पुण्यात बसणारे आमचे मालकही भाऊच म्हणायचे. अमेरिकेतले लोक ‘मिस्टर भाऊ’ म्हणायचे, आणि भाऊंना त्यात काही वावगं वाटत नसे.

आमचं ऑफिस वडगावात होतं, तहसील कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर. चौदा माणसं, चौदा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि खालून येणारा युरियाचा वास. काम एकाच कंपनीचं. अमेरिकेतल्या दूध डेअऱ्या तिचं सॉफ्टवेअर वापरायच्या. कुठल्या गोठ्यावर टँकर किती वाजता जाईल आणि किती दूध उचलेल, ते त्यावर ठरायचं. काही बिघडलं की तिकडचे लोक संध्याकाळी तक्रार टाकून झोपायला जात, आणि ते झोपेत असताना आम्ही इकडे दिवसाउजेडी ती निस्तरत असू. एका तक्रारीला एक तिकीट म्हणायचे. त्यांची रात्र म्हणजे आमचा दिवस, एवढ्या एका गोष्टीवर चौदा घरांच्या चुली पेटत होत्या.

मी तळेगावचा. वडील शाळेत शिक्षक, आई पोस्टात. इंजिनिअर होऊन हिंजवडीला जायचं ठरलेलं होतं, पण हिंजवडीने मला तीनदा नको म्हटलं, तेव्हा नाक मुरडत वडगावला आलो. मुलाखत भाऊंनी घेतली. माझी गुणपत्रिका त्यांनी उलटी धरली होती की सुलटी, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“भात लावलाय का कदी?”

“नाही.”

“बघितलाय तरी?”

“गाडीतून जाताना.”

“बरं,” ते म्हणाले. “गाडीतनं पण दिसतो भात. उद्यापासनं ये.”

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने हवामान लिहायचे. वडगावचं नव्हे, तिकडचं. ‘विस्कॉन्सिन : बर्फ. आयोवा : वारा. मिनेसोटा : लय थंडी.’ कुठलंही तिकीट घेऊन त्यांच्याकडे गेलं की पहिला सवाल, “तितं हवा कशी हाय?” मला सुरुवातीला हे खूळ वाटायचं. सॉफ्टवेअरला थंडी वाजत नाही, असं मी एकदा बोलूनही गेलो. भाऊ हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

त्याच हिवाळ्यात एक तिकीट आलं. एका गोठ्याचं नाव टँकरच्या यादीतून गळलं होतं. एका गोठ्याची तक्रार म्हणजे कंपनीच्या नियमाप्रमाणे किरकोळ, चार दिवसांत केली तरी चालेल अशी. माझ्या नावावर आली म्हणून मी ती सगळ्यांत खाली ढकलली. भाऊंनी फळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

“आता तितं पहाटचे चार वाजले. धार काढायची येळ झाली. टाकी कालच्या दुधानं भरलेली आसंल. आज टँकर आला न्हाई तर तो माणूस दूध वतून देनार. गाय काय चार दिवस थांबती व्हय?”

मग त्यांनी तिकडच्या साहेबांना स्वतःच्या इंग्रजीत मेल लिहिली. ती मला पाठ आहे. ‘डिअर सर, काऊ इज वेटिंग. रिगार्ड्स.’

साहेब उठले आणि कुठली काऊ म्हणून विचारू लागले. तोवर आम्हाला सापडलं होतं की बर्फाने जे रस्ते बंद होतात, त्यांवरचे गोठे सॉफ्टवेअर यादीतून कायमचे काढून टाकतं. रस्ता मोकळा झाला तरी परत घेत नाही. सकाळपर्यंत आणखी पंधरा-वीस गोठे गळाले असते. “धरणाचं पाणी सोडलं की आमचा पूल बुडतो,” भाऊ म्हणाले, “पर पाणी उतारलं की दूधवाला येतोच ना परत? हे बेणं येतच न्हाई.” सॉफ्टवेअरला ते नेहमी बेणं म्हणत. ती मेल पुढे अमेरिकेतल्या ऑफिसात भिंतीवर लावली गेली, असं ऐकलं. भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, स्पेलिंग बघून लावली का?

पण त्यांची खरी करामत वेगळी होती. मावळात भाताची लावणी कुणी एकटं करत नाही. आज सगळे माझ्या खाचरात येतात, उद्या मी त्यांच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस. याला सावड म्हणतात. भाऊंनी आमचं ऑफिस सावडीवर चालवलं.

कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक तिकीट एका माणसाच्या नावावर पडे आणि त्यानेच ते पुरं करायचं असे. नवी माणसं एकेका तिकिटावर आठवडा आठवडा अडकून पडत. भाऊंनी ठरवून टाकलं की रोज दोघा-तिघांचं शेत घ्यायचं. म्हणजे आज आमच्यातल्या सुनंदाची तिकिटं, तर सगळ्यांनी आपापलं ठेवून सुनंदाच्याच तिकिटांवर बसायचं आणि फडशा पाडायचा. उद्या दुसऱ्याचं. काम सुनंदाच्या नावाने उघडून करायचं, म्हणजे पुरं झालं की तिच्याच नावावर नोंद. त्यासाठी सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक हवेत. लक्षात राहावेत म्हणून भाऊंनी प्रत्येकाला आपापल्या बैलाचं नाव ठेवायला लावलं. माझ्याकडे बैल नव्हता, तेव्हा मला आजोबांच्या कुत्र्याचं नाव चालवून घेतलं. कंपनी दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावायची, त्यामुळे दोन वर्षांत आम्ही बैल संपवून गाई आणि गाई संपवून म्हशींवर आलो होतो.

हे कंपनीच्या नियमांत बसत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कराराचा कागद मी वाचला होता. दुसऱ्याच्या नावाने काम करणं त्यात साफ मना होतं. मी ते भाऊंना दाखवलंही.

“दुसऱ्याच्या शेतात लावणी केली,” भाऊ म्हणाले, “म्हणून काय तितं आपल्या नावाची पाटी रोवायची का? भात त्याचा.”

त्यांच्या स्वतःच्या नावावर तिकीट पडलं की ते उचलून ज्याचं त्या दिवशी शेत असेल त्याच्याकडे सरकवत. आपला दिवस त्यांनी कधी लावलाच नाही. आम्हीही कधी म्हटलं नाही, की भाऊ, आज तुमचं घेऊ. चौदातल्या कुणाच्याही डोक्यात ते आलं नाही. नोंदीप्रमाणे बघायला गेलं तर त्या ऑफिसात एक पांढऱ्या केसांचा अनवाणी माणूस रोज येऊन काहीच न करता घरी जात होता.

मग माझी मुलगी जन्मली. दोन महिने आधी, पावणेदोन किलोची. पुण्याच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत आणि मी पेटीबाहेरच्या बाकावर, असे आमचे दिवस गेले. मी पहिल्या दिवशी भाऊंना फोन करून सांगितलं की येणं जमणार नाही. ते म्हणाले, “पेटीत ऊब किती ठेवलीय ते इचार.” मी विचारून सांगितलं. “बरं हाय मग,” म्हणाले आणि फोन ठेवला. दोन महिन्यांत ऑफिसातून कामाचा एकही फोन आला नाही. परत गेलो तेव्हा मला वाटलं होतं, तिकिटांचा डोंगर साचला असेल. माझ्या नावावर एकही शिल्लक नव्हतं. त्यांनी दोन महिने रोज माझंच शेत आधी घेतलं होतं. ज्या दोन महिन्यांत मी वडगावात पाऊल ठेवलं नाही, त्या दोन महिन्यांत सबंध ऑफिसात माझं काम सगळ्यांत जास्त होतं. मी जागेवर बसलो आणि मला रडू आलं. सुनंदाने चहा आणून ठेवला आणि विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलंस, आता म्हशी संपत आल्यात.

वर्षभरानंतर अमेरिकेत नवे साहेब आले. ते व्हिडिओवर आले तेव्हा आम्ही चौदाही जण दाटीवाटीने उभे होतो. साहेब बोलायला चांगले होते. ते म्हणाले, झोपेतून उठल्यावर काम झालेलं मिळणं ही जुनी गोष्ट झाली. आता त्यांना त्यांच्याबरोबर जागी असणारी माणसं हवी होती, म्हणजे अडलं की लगेच बोलता येईल. कोलंबियात तसली माणसं तयार होती. तिथलं घड्याळ आणि यांचं घड्याळ जवळजवळ एक. विमानाने सकाळी निघालं की दुपारी पोचावं एवढं जवळ. तिथे हा धंदा जोरात वाढतोय, नवी कॉलेजं, नव्या इमारती. त्यांनी एका काचेच्या इमारतीचं चित्रही दाखवलं. वडगावात सहा जण ठेवायचे आणि बाकी काम तिकडे न्यायचं, असं ठरलं होतं. सहा कोण, ते गेल्या दोन वर्षांच्या नोंदींवरून काढणार होते.

कुणी काही विचारायचंय का, म्हणून साहेब थांबले. भाऊंनी मला कोपराने ढोसलं. “इचार त्यास्नी, तितं पाऊस कवा पडतो.”

मी विचारलं. साहेबांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुतकी चेहऱ्याने आलो, तर फळ्यावर चौथी ओळ लिहिलेली होती. ‘कोलंबिया : दोन वेळा पावसाळा. मजा आहे.’

यादी आली. पहिलं नाव माझं होतं. चौदावं भाऊंचं, पुढे शून्य. सुनंदा आठवी होती, म्हणजे तीही बाहेर. मला वाईट वाटलं हे खरंच, पण त्याच्या आधी हायसं वाटलं, आणि मधे किती वेळ गेला ते मला नेमकं सांगता येणार नाही. मुलीचे डोळे तेव्हा दर महिन्याला पुण्यात तपासावे लागत होते.

सुनंदा लोहगडवाडीची. किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी तिच्या सासऱ्यांची टपरी आहे आणि खाली भाताची चार खाचरं. ती तोंडाने सरळ. सगळ्यांसमोर म्हणाली, “भाऊ, तुमी सांगा ना त्या सायबाला. सावड सांगा. शून्य कसं काय तुमचं?”

“सांगून काय सांगू? आठ-दहा वरसं एकमेकाच्या नावावर कामं केली म्हनून? मग ते सहाबी जातील.” त्यांनी बूट टेबलाखालून बाहेर काढले. “आन् सावड अशी सांगून कळत न्हाई. त्यासाटी मानूस चिखलात उभा करावा लागतो.”

विषय तिथेच संपला. मी तोंड उघडलं नव्हतं. पहिलं नाव असलेल्याने बोलायचं असतं, हे मला कळत होतं.

काम शिकून घ्यायला कोलंबियाहून पाओला आली, तीन आठवड्यांसाठी. तिशीची, उंच, सारखी वहीत लिहिणारी. उतरली होती लोणावळ्याच्या हॉटेलात, तिथून रोज गाडीने यायची. तिच्या देशात ही नवी नोकरी म्हणजे मोठी संधी होती आणि पाओला ती मनापासून करत होती. तिच्यावर राग धरावा असं तिने काही केलं नाही. उलट पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने तिला वेगवेगळी चिक्की आणून दिली. दहा खोकी झाली, तेव्हा तिने विचारलं की ही खायची असते की साठवायची.

ती एकेकाच्या टेबलाशी बसून प्रश्न विचारी. हे असं का केलंय, ते तसं का. प्रत्येक जण थोडं सांगून म्हणायचा, पुढचं भाऊंना विचारा. चौथ्या दिवशी तिने खुर्ची उचलून भाऊंच्या टेबलाशी नेली. दुसऱ्या आठवड्यात तिनेही बूट काढून टेबलाखाली ठेवायला सुरुवात केली. भाऊंचं इंग्रजी मोडकं आणि तिचंही बेताचंच, त्यामुळे दोघांचं छान जमलं. बर्फाचे रस्ते, वाढलेली धार, सणाच्या दिवसांत कमी पडणारे टँकर, सगळं त्यांनी तिला सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. ज्याने आपली भाकरी न्यायची, त्याला ती नीट बांधून द्यावी, असा तो प्रकार होता. मला पाहवत नसे, म्हणून मी त्या दिवसांत फार कामात असल्यासारखा वागायचो.

तिच्या शेवटच्या आठवड्यात पाओला मला खालच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेली. तिच्याजवळ यादी होती.

“या माणसाच्या नावावर दोन वर्षांत एकही तिकीट नाही,” ती म्हणाली. “आणि मला इथे जे काही कळलं, ते सगळं त्याच्याकडून कळलं. हे कसं काय?”

मी चहा फुंकत राहिलो.

“उद्या माझा अहवाल जायचाय,” ती म्हणाली. “सहाचे सात होणार नाहीत. पण मी नाव बदला म्हटलं, तर साहेब ऐकतील. तू इथे सगळ्यांत जास्त काम केलेला माणूस आहेस, म्हणून तुला विचारते. त्याला ठेवायला हवं ना?”

इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. पण भाऊंचं शून्य समजावायचं, तर माझे दोन महिने समजावावे लागले असते. मालकांच्या हजेरीत माझी रजा होती, आणि कंपनीच्या नोंदीत त्याच दिवसांत डोंगराएवढं काम. दोन्ही कागद शेजारी ठेवले असते, तर पहिलं कटलं असतं ते माझं नाव.

“ते रिटायर होतायत,” मी म्हणालो.

“अच्छा,” पाओला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं कोडं सुटलं. “म्हणून ते काम दुसऱ्यांना देत होते.”

“हो.”

भाऊ तेव्हा एकावन्न वर्षांचे होते. केस पांढरे होते, एवढंच.

निघायच्या दिवशी पाओलाने सगळ्यांशी हात मिळवले. भाऊंना तिने आपल्या आजोबांच्या मळ्यातली कॉफी दिली, कापडी पिशवीत शिवलेली. गाडीपाशी ती त्यांच्याशी बराच वेळ काहीतरी बोलली. मी जिन्यात उभा होतो, ऐकू येत नव्हतं. भाऊ ऐकता ऐकता हसले, मान हलवून थँक्यू म्हणाले, आणि मग वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही विशेष नव्हतं. तितं हवा कशी हाय, असं विचारताना ते पाहायचे तसंच.

महिनाअखेरीस आठ जण गेले. भाऊंनी जाताना गमबूट घातले, फळा पुसला नाही.

त्यानंतरची दोन वर्षं चांगली गेली, असंच म्हणावं लागेल. मुलीचे डोळे नीट निघाले. माझा हुद्दा वाढला. पाओलाच्या काचेच्या इमारतीत आधी बारा माणसं होती, मग साठ, मग दोन मजले. ती माझी वरिष्ठ झाली. एकदा बोलता बोलता म्हणाली की तिच्या आजोबांच्या गावात कुणाचं काम मोठं असलं की सगळं गाव मिळून एका दिवसात उरकतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं, आणि त्याला मिंगा म्हणतात. तिच्या नव्या पोरांना मात्र शेजारचा अडला तरी कळत नाही, असंही म्हणाली. मी हं म्हणालो. तिला चिखलात उभं करायची काही गरज नव्हती. टपरीवरच्या बाकावर बसून सांगितलं असतं, तरी तिला कळलं असतं.

भाऊ शेती बघत होते, आणि कामशेतला दूध सोसायटीचं यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करून देत, असं कानावर यायचं. मी एकदाही गेलो नाही. त्यांचे मेसेज मात्र यायचे. ‘विस्कॉन्सिनला बर्फ. बघ.’ एवढंच. मी बघायचो, आणि दर वेळी काहीतरी निस्तरायला सापडायचं. ते पुरं करून माझ्या नावावर नोंदवायचो.

या जुलैत वडगावच्या बाजारात सुनंदा भेटली. पिशवीत बोंबील आणि हातात नवं इरलं.

“रविवारी भाऊंची लावणी हाय,” ती म्हणाली. “आमी सगळी जातो. दर वरसाला जातो. तू येतोस, का तुला बोलवायचंच न्हाई?”

मी गेलो. वडिवळ्याला धरणाच्या अंगाला भाऊंची खाचरं आहेत. चिखल करून झाला होता. यादीतून कटलेले सातही जण ओळीने वाकलेले होते, आणि आठवे भाऊ बांधावर रोपांच्या जुड्या सोडवत बसले होते. मला पाहून त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली नाही.

“या,” ते म्हणाले. “रिटायर मानसाकडं काय काम काडलंत?”

मला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अहोजाहो केलं होतं. कुणी वर पाहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि दोन वर्षं माहीत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी ती जुडी माझ्या हातात दिली.

“सुनंदाच्या शेजारी लाग. तिचं बघून लाव. आन् ते बूट काड आदी.”

मी बूट काढले आणि उतरलो. दिवसभर दुसरं कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. माझी ओळ वाकडी गेली, तिच्यावर मात्र सगळे भरपूर बोलले. दुपारी बांधावर भाकरी, बोंबलाची चटणी आणि नंतर काळी कॉफी. पाओलाची ती पिशवी भाऊंनी फक्त लावणीला उघडायची ठेवली होती. कॉफी पिऊन सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि परत मागितली.

संध्याकाळी पाय धुताना भाऊंनी विचारलं, “तुज्यात कवा यायचं आमी?”

सावडीत हे विचारावंच लागतं. कुणी दिवस दिला की त्याला त्याचा दिवस विचारायचा. माझ्याकडे ना खाचर, ना बैल.

“तुम्ही येऊन गेलाय भाऊ,” मी म्हणालो. “दोन महिने.”

ते पायाच्या बोटांमधला चिखल काढत राहिले. मग म्हणाले, “व्हय, ते पन हाय. मग उद्या सुनंदाच्यात ये. लवकर ये, तिचा सासरा चिडतो.”

उद्या सोमवार होता. घरी येऊन मी पाओलाला सुट्टीची मेल टाकली, की शेजारच्या गावी भाताची लावणी आहे, उद्या येणार नाही. सकाळी लोहगडवाडीला पोचलो तेव्हा तिचं उत्तर आलेलं होतं. खुशाल जा, लावणीचे फोटो पाठव. आणि खाली विचारलं होतं, तुमचे ते रिटायर झालेले गृहस्थ कसे आहेत?

ते गृहस्थ दहा पावलांवर सुनंदाच्या सासऱ्यांशी रोपं दाट झाली की विरळ, यावर हुज्जत घालत होते. मी बांधावर उभा राहून एका अंगठ्याने लिहिलं, ‘बरे आहेत. ते रिटायर झाले नव्हते. मी तुला खोटं सांगितलं. माझ्या नावावरचं दोन महिन्यांचं काम त्यांनी आणि बाकीच्यांनी केलं होतं, मी रजेवर होतो. त्यांची जागा माझ्याकडे आहे.’

वाचून पाहिलं. पाठवलं. फोन बुटात ठेवला, बूट बांधावर ठेवले आणि खाचरात उतरलो.